भरीत होईपर्यंत

कवी किती जेवतात हे मला त्यांच्या कविता कळायच्या आधीपासून माहीत होतं. अमळनेरात आमचं घर वाचनालयाच्या बरोबर पाठीमागे. मधे एक मातीची भिंत आणि त्या भिंतीत वाकून जावं लागेल एवढं एक दार. वाचनालयात जो कुणी पाहुणा यायचा, तो व्याख्यान संपवून त्या दारातून आमच्या अंगणात जेवायला यायचा. माझे वडील, नाना, तेलाच्या मिलमध्ये वजनकाट्यावर होते, पण जीव त्यांचा वाचनालयात. तिथल्या कमिटीवर त्यांना कुणी कधी घेतलं नाही, पाहुण्यांच्या जेवणाचं मात्र वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. आणि त्यांच्याकडे म्हणजे आईकडे. आईला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. अक्काला अक्षर वाचता येत नव्हतं. ती कवींना जेवणावरून ओळखायची. एक ताक मागणारा, एक भाकरीचा पापुद्रा काढून बाजूला ठेवणारा, एक "नको नको" म्हणत तीनदा घेणारा. वर्तमानपत्रात कुणाचा फोटो आला आणि नानांनी दाखवला की ती म्हणायची, हा तर तो पापुद्रावाला. एवढी मोठमोठी माणसं आमच्या अंगणात मांडी घालून बसून गेली, त्यामुळे मला पुढे कधी कुणाचा दबदबा वाटला नाही. मिरची लागल्यावर सगळ्यांचं नाक सारखंच वाहतं.

माझी शाळा दहावीपर्यंत. पुढची शाळा म्हणजे नाना आणायचे ती वाचनालयाची पुस्तकं. ती परत द्यायच्या आत वाचायची म्हणजे कामाच्या मधेमधेच वाचायची. एक डोळा दुधावर, एक पानावर. दूध उतू गेलं की अक्का पुस्तकाला नाही, मला बोलायची, हे तिचं मोठेपण. पुढे एका समीक्षकाने लिहिलं की माझ्या कवितेला फोडणीचा वास येतो. त्याला वाटलं मला लागेल. मी म्हटलं, बाबा रे, जिथे बसून लिहिली तिथला वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार? कविता मी तेव्हा कागदावर ठेवत नव्हते. वही ठेवली की ती कुणाला तरी सापडते, आणि वरून आमच्याकडे पै-पाहुणा फार. मी कविता डोक्यात ठेवायची. भांडी घासताना म्हणून बघायची, घासून झाली की कविताही एखाद्या शब्दाने चकचकीत झालेली असायची.

दर हिवाळ्यात वाचनालयाचं कविसंमेलन व्हायचं. त्याची एक रीत होती. आधी नवोदितांचं वाचन, मग निमंत्रितांचं. नवोदितांचं वाचन चालू असताना निमंत्रित चहा घेत असायचे, लोक सतरंज्यांवर जागा धरत असायचे, पोरं रडत असायची. आणि दुसरी रीत अशी की नवोदित म्हणजे कामाचे. ज्याला वाचायचं त्याने सकाळपासून राबायचं. कुणी सतरंज्या झटकायच्या, कुणी कडुलिंबावर लाउडस्पीकरचा भोंगा बांधायचा, कुणी स्टेशनवर जाऊन पाहुणे आणायचे. हे सगळं चालवायचे पाटील सर. मराठी शिकवायचे. माणूस वाईट नव्हता. मला पुस्तकं तेच सुचवायचे, आणि "आमची विमल" म्हणून ओळख करून द्यायचे. फक्त "आमची" म्हणताना त्यांचा आवाज असा लागायचा, की वाटावं कुंडीत लावलेलं रोप दाखवताहेत.

त्या वर्षी सरांनी माझं नाव नवोदितांत घातलं. माझी एक केळीच्या बागेवरची कविता त्यांनी पास केली होती. हिरवीगार, पानांच्या सळसळीची, कुणाला कुठेही न टोचणारी. मला ती तेव्हाही फारशी आवडत नव्हती. पण स्टेजवर उभं राहायचं तर तीच राहू दे म्हटलं, कारण ते वर्ष माझं शेवटचं होतं. चोपड्याच्या एका बागाईतदाराकडे माझं लग्न जमलं होतं. मुलगा शेतीचं शिकलेला, अबोल, मी त्याला एकदाच पाहिलेलं. बोलायचं सगळं त्याचे वडील बोलायचे, त्यांना सगळे आबा म्हणत. आबांना नानांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं की पोर कविता करते. आबा हसले आणि म्हणाले, आमच्याकडे हे असलं चालत नाही, लग्नाच्या आधी काय हौस आहे ती फेडून घ्या. ते काही रागावून बोलले नाहीत. गाईच्या गळ्यातली घंटा काढून ठेवा म्हणावं, इतक्या सहज बोलले. नानांनी मान डोलावली. आणि मी आतल्या खोलीत उभी राहून हिशेब केला की माझ्या वाट्याला एक संध्याकाळ आहे. एकच. ती मला पाहिजे होती.

बघायला आले तेव्हाची एक गोष्ट सांगायला पाहिजे. चहा-पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं, आणि आबा म्हणाले, बेटा, जरा ओट्यापासून त्या तुळशीपर्यंत चालून दाखव. पायात काही खोट तर नाही, एवढंच बघायचं होतं. मी चालले. परत चालायला लावलं, पदर जरा वर धरून. परतही चालले. मग सुईत दोरा ओवून दाखवला, नजर बघायला. त्या काळी हे सगळीकडे चालायचं, माझ्या थोरल्या मावस बहिणीला तर केस सोडून दाखवायला लावले होते. त्यामुळे कुणाला त्यात काही वाटलं नाही. मलाही वाटलं नाही असं मी स्वतःला सांगत होते. रात्रीची भांडी घासताना मात्र एक कविता आपोआप तयार झाली. ती मी कुणाला म्हणून दाखवली नाही, सरांना तर नाहीच.

संमेलनाच्या दिवशी जेवणाला भरीत ठरलं होतं. हिवाळ्यात पुण्या-मुंबईचा पाहुणा खानदेशात आला आणि भरीत न खाता गेला तर आपलीच नाचक्की. बामणोदची वांगी आणली होती, हिरवी-पांढरी, एकेक दोन हातांत मावेल एवढं. सकाळीच त्यांना टोचे मारून, तेलाचा हात लावून ठेवलं. अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या, त्यांचा जाळ कडकडत चढतो आणि लवकर बसतो, म्हणून आगीपाशी कुणीतरी सतत लागतं. अक्का आत कळण्याच्या भाकरी थापत होती, ज्वारी आणि उडदाच्या पिठाच्या, त्यांचा थप-थप आवाज घरभर. आगीपाशी मी. मी नेसले होते माझी एकुलती एक चांगली साडी, आणि तिच्यावर नानांचा जुना सदरा चढवलेला, कारण सरांनी निरोप दिला होता की कार्यक्रम जरा उलटा केला आहे. मुख्य पाहुण्यांना भुसावळची गाडी गाठायची आहे, तर निमंत्रित आधी वाचतील, मग तुम्ही. तोवर तू आग सांभाळ, तुझी पाळी आली की सुभाषला बोलवायला पाठवतो.

सुभाष भुसावळहून यायचा. रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीच्या कामावर होता. बौद्ध वस्तीत राहायचा, शिफ्ट संपवून पॅसेंजर धरून आमच्या वाचनालयात कवितांसाठी यायचा. तो नवोदितांतला सगळ्यांत चांगला, हे सरांनाही कळत होतं. सकाळपासून त्याने सगळ्या सतरंज्या एकट्याने झटकल्या, अंथरल्या, भोंगा बांधला. पाण्याच्या पिंपाशी मात्र सरांनी दुसऱ्याच मुलाला उभं केलं होतं. अगदी सहज. हे मी पाहिलं. पाहताना सुभाषने मला पाहिलं.

तर मी अशी आगीपाशी, आणि भिंतीपलीकडून भोंग्यातून एकेक कवी माझ्या अंगणात येत होता. मी वांगी उलटवत ऐकत होते. खरं सांगू, काही जणांनी फार छान वाचलं. धुळ्याचे एक म्हातारे कवी होते, त्यांच्या एका ओळीला माझ्या हातातलं वांगं तसंच राहिलं आणि बोट भाजलं. पुण्याचे मुख्य पाहुणे बराच वेळ वाचत होते, टाळ्या पडत होत्या, आणखी एक, आणखी एक असं चाललं होतं. मी सदरा काढून ठेवला. हात धुतले. केसांवरची राख झटकली. आणि भोंग्यातून सरांचा आवाज आला. वेळेअभावी आपल्या नवोदित मित्रांचं वाचन आपण पुढच्या वर्षी ठेवू, म्हणाले. त्यांनी आज जी सेवा केली तिच्याबद्दल त्यांचे आभार. मग हार, मग नारळ, मग राष्ट्रगीत. मी राष्ट्रगीताला अंगणात एकटी सावधान उभी राहिले, त्याचं मला अजून हसू येतं. पुढच्या वर्षी मी चोपड्याला असणार होते, भाकरी थापत.

दारातून सुभाष वाकून आला. पांढऱ्या शर्टावर सतरंजीची लाल धूळ. म्हणाला, "विमलताई, आपण सेवा केली." आणि हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. मी निघतो म्हणाला. मी म्हटलं जेवून जा. तर म्हणाला, पाण्यापाशी उभं करत नाहीत, पंगतीत बसवतील? मी म्हटलं, अंगण सरांचं नाही. हे बोलले खरी, पण आमच्या अंगणातही तोवर तो कधी पंगतीला बसलेला नव्हता. मी अक्काकडे पाहिलं. ती भाकरीची टोपली घेऊन दारात आली होती, सगळं ऐकलं होतं की नाही कोण जाणे. टोपली खाली ठेवून तिने त्याच्यासाठी पाट मांडला आणि म्हणाली, "बठ रे भाऊ."

मग मंडळी आली. एका बाजूला पुण्याचे पाहुणे, दुसऱ्या बाजूला धुळ्याचे म्हातारे कवी, आणि मधे आबा. हो, आबा आले होते. लग्नाची तारीख धरायला आले होते आणि नानांनी त्यांना मोठ्या हौसेने संमेलनाला आणलं होतं. सुभाषला पंगतीत बघून सर क्षणभर थांबले, मग बसले. आता आमच्याकडची एक रीत सांगते, अक्काच्या माहेरची. भरीत आतून करून आणायचं नाही. पंगत बसली की पाहुण्यांच्या समोर लाकडाच्या बडगीत, म्हणजे होडीसारखं कोरलेलं लाकडाचं पात्र असतं, त्यात ठेचायचं. आणि बडगीत पहिलं वांगं पडलं, की भरीत पानात पडेपर्यंत पंगतीतून कुणी उठायचं नाही. उठला त्याने अन्नाला लाथ मारली असं धरायचे. ताटं मांडलेली, पोटात कावळे, आणि नाकात भाजलेल्या मिरची-लसणाचा वास. बसल्याशिवाय गत्यंतर नाही.

मी पहिलं वांगं सोलून बडगीत टाकलं, दांडा हातात घेतला, आणि म्हणाले, "सर, भरीत व्हायला वेळ आहे. तेवढ्यात आमचं वाचन होऊ द्या."

सर हसले. आधी जेवण होऊ दे विमल, पाहुण्यांची गाडी आहे, म्हणाले. मी म्हटलं, मी जेवणाला अडवत नाही, माझा हात चाललाच आहे. आधी सुभाष वाचेल. आता सर हसायचे थांबले. हे काय भलतंच, असं म्हणत ते उठायला लागले. आणि माझे नाना, ज्यांनी सरांसमोर जन्मात कधी मान वर केली नव्हती, ते वाढायच्या पळीवर नजर ठेवूनच बोलले, "सर, वांगं पडलंय बडगीत."

सर बसले.

सुभाषने पाटावर बसूनच वाचलं. कागद त्याच्या खिशात चौघडी घालून होता. इंजिनात कोळसा मारणाऱ्या त्याच्या बापाची कविता होती ती. ती त्याची आहे, मी इथे सांगत नाही, पुढे त्याच्या पुस्तकात छापून आली आहे. एवढंच सांगते की धुळ्याच्या म्हाताऱ्या कवींनी मीठ घ्यायला पुढे केलेला हात तसाच ठेवला होता. मी ठेचत होते, पण हळू, दांड्याचा आवाज त्याच्या आवाजावर चढू नये म्हणून. अक्का आतून आणखी दोन वांगी सोलून घेऊन आली आणि बडगीत टाकून गेली. ती संपवायची तर आणखी वेळ लागणार होता, हे तिला कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

मग माझी पाळी. सरांनी जणू आपणच सगळं ठरवल्यासारखं म्हटलं, "विमल, ती केळीच्या बागेची." मीही तीच म्हणायला तोंड उघडलं होतं. पहिला शब्द ओठावर होता. आणि समोर आबा दिसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते कौतुकाने, जरा कंटाळून बघत होते, पोरगी हौस फेडून घेतेय म्हणून. ते बघणं मला ओळखीचं वाटलं. ओट्यापासून तुळशीपर्यंत त्यांनी असंच बघितलं होतं. बाई, तुला ही एकच संध्याकाळ आहे, मी मनात म्हटलं, आणि ती तू केळीच्या पानांवर घालवणार? दांडा हातात तसाच धरून मी दुसरीच कविता म्हटली. आज ती मला थोडी कच्ची वाटते, पण मी तिच्यातला एक शब्द हलवला नाही.

चाल म्हणालात, चालले.
पुन्हा म्हणालात, पुन्हा चालले.
सुईत दोरा ओवला,
हसताना तुम्ही दात पाहून घेतलेत.
आता मी बसते ओट्यावर.
एकेकानं उठा,
आणि माझ्यासमोरून
तुळशीपर्यंत चालून दाखवा.

कुणी वाहवा म्हटलं नाही. सर ताटातल्या भाकरीकडे बघत होते. पुण्याचे पाहुणे माझ्याकडे बघत होते, मग त्यांना काहीतरी कळलं आणि ते आबांकडे बघायला लागले. आणि आबा उठले. सावकाश, धोतर सावरत उठले. आवाज चढवला नाही. नानांना म्हणाले, "नाना, आमना घरमा असी सून चालाव नही."

नाना पळी हातात धरून उभे. त्यांचा चेहरा पडला होता, आणि त्यांना दोष कसा देऊ? जमलेलं लग्न मोडणं म्हणजे काय, हे पोरीच्या बापालाच माहीत. मला तेव्हा भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण शब्द परत घ्यावा असं मात्र एका क्षणालाही वाटलं नाही.

बोलली ती अक्का. तिने माझी एक कविता जन्मात ऐकली नव्हती, ती पहिलीच. चार माणसांत पाहुण्या पुरुषाशी ती कधी बोलायची नाही. भाकरीचं पीठ लागलेले हात पदराला पुसत पुढे आली आणि म्हणाली, "आबा, तुम्ही तिले चालाडीसन दखं. तिनी बोलीसन दखाडं. आते उठानं कसाले? भरीत व्हई गयं, बठा."

म्हणजे तुम्ही तिला चालायला लावून पाहिलं, तिने बोलून दाखवलं, आता उठायचं कशाला. आबा बसले नाहीत. बडगीत वांगी असताना पंगतीतून उठून गेलेला तो आमच्या अंगणातला पहिला माणूस. नाना रस्त्यापर्यंत त्यांना पोचवायला गेले, शेवटी पाहुणा तो पाहुणा. मी तशीच उभी. लोक हळूच एकमेकांकडे बघत होते. सर घड्याळ बघून गाडीचं काही पुटपुटले, त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. नाना परत आले. माझ्यापाशी थांबले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी माझ्या हातातून दांडा घेतला, बाही वर सारली, आणि उरलेलं भरीत ठेचायला बसले. मिलमधून आल्यावर पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः न घेणारा माणूस. ठेचता ठेचता एकदाच म्हणाले, मीठ घातलं का गं? मी म्हटलं, नाही. मग घाल की, म्हणाले.

सगळ्यांच्या पानात भरीत पडलं, कांद्याची पात घातलेलं, वरून तेलाची चरचरीत फोडणी. आबांचा पाट मधे रिकामा होता, भाकरी वाढलेली. अक्काने माझ्या दंडाला धरलं आणि मला त्या पाटावर नेऊन बसवलं, पुण्याच्या आणि धुळ्याच्या कवींच्या मधे. "आठे बठ," म्हणाली. आमच्या घरातली बाई पुरुषांच्या पंगतीत बसण्याची ती पहिलीच वेळ. मी लाजून वगैरे बसले नाही. नीट मांडी घातली. सकाळपासून पोटात एका चहाशिवाय काही नव्हतं, आणि आता एकदम कडकडून भूक लागली. पलीकडे सुभाष मान खाली घालून, घासामागून घास जेवत होता. मी भाकरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं. झणझणीत झालं होतं.

पुण्याचे पाहुणे माझ्याकडे वळले. त्यांनी अजून घास घेतला नव्हता. फार अदबीने म्हणाले, गाडी गेली तर जाऊ दे, ती कविता पुन्हा एकदा म्हणाल का?

माझ्या तोंडात घास होता. तो चावून, गिळून, पाणी पिऊन मी म्हटलं, "जेवू द्या आधी."